सरकारी इंग्रजीचे शब्द तोलून घ्या
जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर



कापसाची गाडी काट्यावर चढवण्याआधी काटा शून्यावर आहे की नाही, हे आपण बघतो. ज्वारीचे पोते मोजताना मापाऱ्याच्या हातावर नजर ठेवतो. क्विंटलमागे किलो-दोन किलोची मारली गेली तर हंगामाच्या शेवटी काय उरते, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण सरकार, बँक आणि पुढारी आपल्याला ज्या मापाने मोजतात ते माप शब्दांचे असते, आणि त्यातले बहुतेक शब्द इंग्रजी असतात. ते माप मात्र आपण तपासत नाही. मंत्री सभेत 'रिलीफ' म्हणतो, आपण टाळ्या वाजवतो. बँकेच्या दारात गेल्यावर समजते की 'वेव्हर' शेजाऱ्याचा झाला, आपल्या वाट्याला 'रिलीफ' आला, आणि या दोन शब्दांत अर्ध्या कापसाच्या पैशाचे अंतर आहे.

म्हणून आज आम्ही शब्दांचा तास घेणार आहोत. कुणी म्हणेल, आम्हाला कुठे इंग्रजी येते? फर्टिलायझर, हायब्रीड, स्टेपल, जिनिंग, ग्रेडर, ट्रान्सफॉर्मर हे शब्द आपल्या बांधावर रोज बोलले जातात. चौथी शिकलेल्या म्हातारीलाही डीपी जळाला म्हणजे काय जळाले ते कळते. गरजेचा शब्द आपण बरोबर उचलतो. राजकारणाचे वीस-पंचवीस शब्द तसेच उचलायचे आहेत.

शब्दांचे मूळ

सुरुवात 'पॉलिटिक्स' पासून करू. हा शब्द ग्रीक 'पोलिस' पासून आला. पोलिस म्हणजे नगर. 'पॉलिसी' आणि 'पोलीस' हेही त्याच घराण्यातले. 'सिटिझन' मध्ये तर सरळ सिटीच बसली आहे. आपला मराठी 'नागरिक' सुद्धा नगरातलाच. मग गावातल्या माणसासाठी या भाषेत काय आहे? लॅटिनमध्ये 'व्हिला' म्हणजे शेतवाडी. त्या वाडीवर राबणारा तो 'व्हिलन'. पुढे त्याचा अर्थ झाला दुष्ट माणूस, आणि आज सिनेमात मार खाणाऱ्याला आपण व्हिलन म्हणतो. आपल्याकडेही 'गावंढळ' आणि 'गावठी' हे शब्द शिवीसारखेच वापरतात. ज्याच्या हातात लेखणी, त्याच्या बाजूने शब्द झुकतो. हे सगळ्या देशांत झाले आहे.

पण याच भाषेत आपल्या कामाचे शब्दही आहेत. 'मिनिस्टर' म्हणजे मुळात सेवक, चाकर. त्याच्या गाडीपुढे हात जोडून उभे राहताना हे आठवावे. 'कँडिडेट' म्हणजे पांढरे कपडे घातलेला. जुन्या रोममध्ये पद मागणारा माणूस पांढराशुभ्र झगा घालून लोकांत फिरे. दोन हजार वर्षे झाली, कपड्याचा रंग बदललेला नाही. आणि 'व्होट' चे मूळ 'व्होटम'. त्याचा अर्थ नवस. आपण मत देतो तेव्हा नवस बोलतो. नवस बोलून विसरून जाणाऱ्याला गावात काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. पाच वर्षे आठवण ठेवण्याचे काम मत घेणाऱ्याचे आहे तसे देणाऱ्याचेही आहे.

कायदा कोणत्या पायरीवर आहे?

वर्तमानपत्रात छापून येते, 'कायदा आला'. आला म्हणजे कुठवर आला? पेरले की पीक घरात येत नाही, तसेच कायद्याचे आहे. 'बिल' म्हणजे विधेयक. ते सभागृहापुढे मांडलेला नुसता मसुदा असतो. दोन्ही सभागृहांनी मंजूर करून राष्ट्रपतींची सही झाली की 'ॲक्ट' होतो. तरीही तो लागू कधीपासून, हे अनेकदा 'नोटिफिकेशन' म्हणजे अधिसूचना निघाल्यावर ठरते. सभागृह भरलेले नसताना सरकार राष्ट्रपतींच्या सहीने काढते तो 'ऑर्डिनन्स', म्हणजे वटहुकूम. त्याला कायद्याचेच बळ असते, पण संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही तर आपोआप संपतो. 'जीआर' हा शासनाचा निर्णय. त्याला विधानसभेची मंजुरी लागत नाही, आणि उद्या दुसरा जीआर काढून तो बदलता येतो. त्याखाली 'सर्क्युलर', ते एका कचेरीने दुसऱ्या कचेरीला काम कसे करायचे ते सांगणारे पत्र. पुढारी 'करून आणले' म्हणाला की पहिला प्रश्न हाच: काय करून आणले? ॲक्ट, जीआर की सर्क्युलर? नंबर आणि तारीख सांगा.

तीन शेती कायद्यांचा प्रवास या शब्दांतून वाचून पाहा. ५ जून २०२० ला ऑर्डिनन्स निघाले. सप्टेंबरमध्ये बिले आली. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधकांनी 'डिव्हिजन' मागितले, म्हणजे मते मोजा म्हणाले. अध्यक्षस्थानावरून 'व्हॉइस व्होट' घेतले गेले, म्हणजे 'हो' चा आवाज मोठा की 'नाही' चा, यावर निकाल. १२ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने 'स्टे' दिला. स्टे म्हणजे थांबा; कायदा मेला नाही, त्याची अंमलबजावणी थांबली. त्याच महिन्यात सरकारने दीड वर्ष कायदे 'सस्पेंड' ठेवण्याची तयारी दाखवली. दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांनी ती नाकारली, कारण सस्पेंड केलेली गोष्ट पुन्हा चालू करता येते. त्यांची मागणी होती 'रिपील', म्हणजे कायदा रद्द. २९ नोव्हेंबर २०२१ ला संसदेने रिपीलचे बिल मंजूर केले. या कायद्यांबद्दल आपल्यात दोन मते होती, आजही आहेत. ज्याला बाजार मोकळा हवा होता त्याचा आणि ज्याला भीती वाटत होती त्याचा, दोघांचाही मान राखून आम्ही एवढेच म्हणतो: वर्षभर उन्हातान्हात बसलेल्या त्या माणसांना स्टे, सस्पेंड आणि रिपील यांतला फरक पक्का ठाऊक होता.

'शॅल' आणि 'मे'

आता दोन अगदी लहान शब्द. इंग्रजी कायद्यात 'शॅल' आले की सहसा समजावे, केलेच पाहिजे. 'मे' आले की करता येईल, नाही केले तरी चालेल. मराठीत दोन्हींचे भाषांतर कधी कधी 'करील' असे गुळमुळीत होते आणि फरक पुसला जातो.

उसाचे पाहा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत कारखान्याने पैसे देणे बंधनकारक आहे. तेथे 'शॅल' आहे. उशीर झाला तर व्याज मागता येते आणि ऊसवाले ते मागतात. याउलट १९५५ च्या आवश्यक वस्तू कायद्याचे तिसरे कलम वाचा. केंद्र सरकारला आवश्यक किंवा सोयीचे वाटले तर ते आदेश काढू शकते. वाटले तर! म्हणजे साठ्यावर बंधन कधी घालायचे, हे सरकारच्या वाटण्यावर. आपल्याला द्यायचे असते तेथे 'मे', आणि आपल्याकडून घ्यायचे असते तेथे 'शॅल', हा प्रकार किती कागदांत आहे ते एकदा बोट ठेवून मोजा.

त्याच्या जोडीला 'सब्जेक्ट टू'. म्हणजे 'या अटीच्या अधीन राहून'. खळ्यावर रास मोठी दिसते, चाळणी मारल्यावर धान्य किती ते कळते. 'सब्जेक्ट टू' ही ती चाळणी. घोषणा वाचताना आधी हे दोन शब्द शोधावेत, रक्कम नंतर वाचावी. आणि 'व्हिचएव्हर इज हायर' म्हणजे दोहोंत जे जास्त ते, 'व्हिचएव्हर इज लेस' म्हणजे जे कमी ते. या शब्दांनी किती फरक पडतो, ते पुढे कर्जाच्या हिशेबात सांगतो.

भावाचे शब्द

'एमएसपी' म्हणजे मिनिमम सपोर्ट प्राइस. तिन्ही शब्द नीट पाहा. मिनिमम म्हणजे किमान. याच्या खाली जाऊ नये अशी रेघ. सपोर्ट म्हणजे टेकू. पडणाऱ्या भिंतीला लावतात तो. प्राइस म्हणजे किंमत. टेकूला आपण घर समजू लागलो आणि व्यापारीही किमान भाव हाच कमाल भाव समजू लागला. या भावाची शिफारस करण्यासाठी १९६५ साली कृषी मूल्य आयोग नेमला गेला. १९८५ साली त्याच्या नावात 'कॉस्ट' हा शब्द घातला गेला. नावात खर्च आला.

पण खर्च कोणता? त्याचेही तीन शब्द आहेत. 'ए-२' म्हणजे बी, खत, औषध, मजुरी, डिझेल असा प्रत्यक्ष खिशातून गेलेला पैसा. 'ए-२ अधिक एफ.एल.' म्हणजे त्यात घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी मिळवलेली. 'सी-२' म्हणजे त्याहीवर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचे व्याज धरलेले. स्वामिनाथन आयोगाच्या नावाने खर्चाच्या दीडपट भावाची मागणी देशभर झाली, ती सी-२ वर. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली, आणि हिशेब झाला तो ए-२ अधिक एफ.एल. वर. त्या वर्षी मध्यम धाग्याच्या कापसाचा हा खर्च क्विंटलला ३,४३३ रुपये धरला आणि भाव ५,१५० ठरला. संकरित ज्वारीचा खर्च १,६१९ धरला, भाव २,४३०. गुणाकार बरोबर आहे. ज्याला गुणले ते लहान आहे. 'दीडपट दिला' म्हणणारा खोटे बोलत नाही आणि 'दीडपट दिला नाही' म्हणणाराही खोटे बोलत नाही. दोघे वेगळ्या मापाने मोजत आहेत. सभेत विचारायचे ते एवढेच: साहेब, कोणत्या खर्चाच्या दीडपट?

पुढचा शब्द 'स्टॅच्युटरी', म्हणजे कायद्याने बांधलेला. उसाचा भाव असा आहे. कारखान्याला त्याच्या खाली देता येत नाही. कापूस आणि ज्वारीचा हमीभाव तसा नाही. तो सरकारने खरेदी केली तर सरकार देईल तो भाव. 'प्रोक्युअरमेंट' म्हणजे सरकारी खरेदी, ती जेथे केंद्र उघडेल तेथे. केंद्र दिवाळीनंतर महिनाभराने उघडले आणि आपली सोसायटीची, दुकानदाराची देणी दिवाळीलाच उभी असली, तर हमीभाव कागदावर आणि कापूस खेडा खरेदीवाल्याच्या टेम्पोत. केंद्र उघडले तरी 'एफएक्यू' आहेच. फेअर ॲव्हरेज क्वालिटी, म्हणजे बऱ्यापैकी सरासरी दर्जा. कॉटन कॉर्पोरेशनच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यावर बारा टक्क्यांपर्यंत कपात, बाराच्या पुढे खरेदी नाही. पहिल्या वेचणीचा कापूस दवातून सकाळी वेचून दुपारी केंद्रावर नेला तर काय होईल, हे यातच लिहिलेले आहे. दोन दिवस उन्हात घालून नेला तर हा शब्द आपल्या विरुद्ध जात नाही. म्हणून म्हणतो, शब्द समजला की नुसता राग येत नाही, उपायही सुचतो.

आणखी एक शब्द, जो विदर्भ-मराठवाड्याने तीस वर्षे भोगला: 'मोनोपॉली'. १९७१ चा कायदा आणि १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी. सगळे तिला मोनोपॉली म्हणायचे. खरे तर मोनोपॉली म्हणजे विकणारा एकच. घेणारा एकच असेल तर त्याला 'मोनोप्सनी' म्हणतात. १९३३ साली जोन रॉबिन्सन या इंग्लंडच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंच्या पुस्तकातून तो शब्द रूढ झाला. विकणारे लाखो आणि घेणारा एक, मग तो सरकार असो की एखादा व्यापारी, भाव कुणाच्या हातात राहतो हे सांगायला पुस्तक लागत नाही. पण पुढे जेव्हा कुणी सांगेल की 'तुमचा सगळा माल आम्हीच घेऊ, काळजी नको', तेव्हा हा अवघड शब्द जरूर आठवा.

कर्जाचे शब्द

येथे घाई करू नका, कारण पैसा येथेच जातो. 'वेव्हर' म्हणजे माफी, देणे संपले. 'रिशेड्यूलिंग' म्हणजे हप्ते पुढे ढकलले. देणे कायम, व्याज चालू. आपण 'नवे-जुने केले' म्हणतो, त्यात तर जुनेच नव्या तारखेने लिहिले जाते. 'मोरेटोरियम' म्हणजे वसुलीला काही काळ थांबा. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या वेळी रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना अशी सवलत दिली, तेव्हा त्या काळाचे व्याज थांबले नव्हते. 'राइट ऑफ' सर्वांत फसवा. बँक आपल्या ताळेबंदातून ते कर्ज काढून टाकते, पण कर्जदाराचे देणे तसेच राहते, वसुलीचा हक्कही राहतो. बँकेच्या वहीतून गेले म्हणून सातबाऱ्यावरून गेले असे होत नाही. 'पॅकेज' म्हणजे गाठोडे. २००६ च्या जुलैमध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे गाठोडे पंतप्रधानांनी जाहीर केले. सोडून पाहिले तर मोठा वाटा सिंचन प्रकल्पांचा होता, आणि कर्जाचे म्हणाल तर थकलेले व्याज माफ झाले, मुद्दल उभेच राहिले.

आता २००८. योजनेच्या नावातच दोन शब्द होते: 'डेट वेव्हर अँड डेट रिलीफ'. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला वेव्हर. त्याच्यावर ज्याची जमीन, त्याला रिलीफ: पंचाहत्तर टक्के भरा, पंचवीस टक्के सोडतो. बागायती पाच एकरवाला लहान शेतकरी ठरला आणि कोरडवाहू सात एकरवाला मोठा ठरला. पावसावरच्या सात एकरात पऱ्हाटी आणि ज्वारी घेणाऱ्याची ऐपत काय असते, हे 'स्मॉल' आणि 'अदर' या दोन शब्दांना ठाऊक नव्हते.

विदर्भातील पॅकेजच्या जिल्ह्यांसह काही ठरावीक जिल्ह्यांत रिलीफ होता पंचवीस टक्के किंवा वीस हजार, 'व्हिचएव्हर इज हायर'. समजा सात एकरवाल्याचे थकीत कर्ज साठ हजार. पंचवीस टक्के म्हणजे पंधरा हजार. वीस हजार जास्त, म्हणून वीस हजार सुटणार आणि चाळीस हजार भरायचे. तेथे 'लेस' असते तर पंधराच सुटले असते. एका शब्दाचे पाच हजार रुपये. आणि ते वीस हजार मिळण्यासाठी आधी चाळीस हजार भरावे लागणार होते. सभेत फक्त 'कर्जमाफी' ऐकून घरी जाऊन निवांत झोपलेल्या माणसापर्यंत ही अट पोचली नाही, तर रिलीफही गेला आणि थकबाकीदार म्हणून नवे पीककर्जही गेले.

सबसिडी आणि आश्वासन

'सबसिडी' चे लॅटिन मूळ म्हणजे लढाईत मागे राखून ठेवलेली कुमक. अडचणीत धावून येणारी मदत. खताची सबसिडी सरकार खत कंपनीला देते, नाव मात्र आपले. दुसऱ्या बाजूला, जागतिक व्यापार कराराच्या वेळी भारत सरकारने जो हिशेब सादर केला, त्यात १९८६ ते १९८८ या पायाभूत वर्षांसाठी पिकांच्या भावातून मिळणारा आधार उणे होता. कुमक आली नाही. आपल्याच छावणीतून रसद बाहेर गेली. 'तुम्ही सबसिडीवर जगता' असे कुणी ऐकवले तर त्याला हा उणे शब्द सांगावा.

आता आश्वासनाचे. 'इन प्रिन्सिपल' मंजूर म्हणजे तत्त्वतः हो, पैसे मंजूर नाहीत. 'अंडर कन्सिडरेशन' म्हणजे विचाराधीन. आपण हसतो या शब्दाला. पण यात एक गंमत आहे. मंत्र्याने हेच शब्द लोकसभेत उत्तर देताना उच्चारले तर ते आश्वासन धरले जाते, त्याची नोंद होते, तीन महिन्यांत पूर्तता करायची असते, आणि त्यावर नजर ठेवायला आश्वासन समिती असते. आपल्या विधिमंडळातही अशी समिती आहे. बाजाराच्या मैदानावर बोललेला शब्द वाऱ्यावर जातो, सभागृहात बोललेला वहीत चढतो. म्हणून आमदाराला मंडपात भाषण करायला सांगण्यापेक्षा सभागृहात लेखी प्रश्न विचारायला सांगा, आणि उत्तराची प्रत मागा.

शेतकऱ्यांनी दिलेला एक शब्द

सगळे शब्द वरूनच आले असे समजू नका. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात पीक बुडाले होते. कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली, जमीनदार दहाच्या पुढे जाईना. त्याच्या कारभाऱ्याने कुळांना हुसकायच्या नोटिसा काढल्या. कुळांनी हात उगारला नाही. त्यांनी त्याच्या शेतावर काम बंद केले. दुकानदाराने माल देणे बंद केले, घरच्या गड्यांनी घर सोडले. शेवटी बटाटे आणि सलगम काढायला बाहेरून पन्नास माणसे आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो शिपाई आणावे लागले. पिकाच्या किमतीपेक्षा पहाऱ्याचा खर्च कितीतरी जास्त झाला. वर्ष संपायच्या आत तो कारभारी देश सोडून गेला. त्याचे नाव कॅप्टन बॉयकॉट. साऱ्या जगाने 'बॉयकॉट' हा शब्द त्या कुळांकडून घेतला. इंग्रजीच्या कोशात शेतकऱ्यांनी आपल्या एकजुटीने घातलेला तो शब्द आहे.

काय करायचे?

प्रत्येक गावशाखेने एक वही घालावी. कर्जाचा, विम्याचा, खरेदीचा जो कागद गावात येईल, त्यातला न कळणारा शब्द त्यात लिहावा. कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींना कामाला लावा. त्यांच्या शिक्षणाचा घराला उपयोग होऊ द्या. दुसरे, कोणत्याही घोषणेला चार प्रश्न विचारा: कागद कोणता, नंबर आणि तारीख काय? 'शॅल' आहे की 'मे'? अटी कोणत्या? शेवटची तारीख कोणती? तिसरे, न समजलेल्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. साहेबाला म्हणा, मराठीत समजावून सांगा, मग सही करतो. यात उद्धटपणा काही नाही. तो तुमचा हक्क आहे. आणि मायबहिणींना सांगतो, कर्जाच्या कागदावर घरधन्याचे नाव असले तरी वसुलीची नोटीस दारात तुम्हीच घेता. वही तुमच्या हातात असलेली बरी.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या वहीतले दहा शब्द आणावेत. ते सगळे मिळून आपण तोलू.